उजवीकडचा फॅन

"हां, आता ऐका. आता येऊन राह्यलाय बघा," दैवशाला म्हणाली आणि बोट वर करून तशीच थांबली.

गोरक्षनाथ ऐकू लागला. जेवणाच्या सुट्टीसाठी कापसाची जिनिंग नुकतीच थांबली होती. सकाळपासून भिंती थरथरवणारी यंत्रं एकदम गप झाल्यावर ऑफिसात जी शांतता झाली, तिच्यात त्याला तसं बरंच काही ऐकू येत होतं. बाहेर कापूस घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यांचं बोलणं, छताच्या पंख्याची घरघर, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात बसवलेल्या स्विचचा नेहमीचा जाडसर घुमारा. पण दैवशाला ज्याच्यासाठी बोट वर करून उभी होती, ते काही येईना. तिच्या कपाळाला आठी पडली होती, एक डोळा बारीक झाला होता, म्हणजे आवाज होता आणि चांगलाच होता. "कसा कानात घुसतो न्हाई? दुपारचा डबा गोड लागत न्हाई ह्याच्यापायी," ती म्हणाली. "हां, घुसतो की," गोरक्षनाथ म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण हे काही ठरवून बोललो नाही. कुणी प्रसाद पुढं केला की हात आपोआप पुढं जातो, तसं ते तोंडातून गेलं होतं.

आता एवढ्याशा गोष्टीचं काय, असं कुणीही म्हणेल. नाही आलं ऐकू तर नाही आलं, विचारावं परत. पण गोरक्षनाथाचं तसं नव्हतं. जालन्यातल्या राधेश्याम शेठच्या दुकानातून तो गावोगावी जायचा, तो याच कानाच्या जोरावर. कॉम्प्युटर, कॅमेरे, वजनकाटा असं सगळं एकमेकांना तारांनी जोडायचं म्हटलं की मध्ये एक डबा लागतो, तो स्विच. तो दिवसरात्र तापतो, म्हणून त्याच्या पाठीला फॅन असतात. इथल्या डब्याला दोन होते, एक डावा, एक उजवा, प्रत्येक आपापल्या ट्रेमध्ये, टेबलाच्या खणासारखा ओढून काढता येणारा. फॅन पुरता मेला तर डबा स्वतःच दिवा लावून सांगतो. पण मरायच्या आधी महिना-पंधरा दिवस फॅन नुसता रडतो. फिरत असतो, दिवा हिरवाच असतो, आणि दोघांतला रडणारा कोणता हे त्या डब्याला कळत नाही. ते गोरक्षनाथाला कळायचं. पेचकसाचं टोक फॅनच्या चौकटीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे; बेअरिंग खराब असलं की बारीक करकर थेट डोक्यात यायची. राधेश्याम शेठ गिऱ्हाइकाला फोनवर ऐटीत सांगायचा, "गोरखला पाठवून राह्यलो. त्याला मशीन-बिशीन लागत न्हाई, तो कानानं सांगतो." बाकीचे लोक केबल ओढायचे, शिड्यांवर चढायचे, भिंतींना भोकं पाडायचे. गोरक्षनाथ पेचकस आणि ब्रश घेऊन जायचा आणि अर्ध्या तासात चहा पिऊन निघायचा. आठ वर्षं हे असं चाललं होतं. त्याच्याआधी सहा वर्षं तो सळयांच्या एका मिलमध्ये होता. तिथं कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते घातले की सोबतचे हसायचे, म्हणून कुणी घालत नसे. तोही घालत नसे.

तो कपाटामागं गुडघ्यांवर बसला. पेचकस डाव्या फॅनला लावला, मूठ कानामागं. घुमारा आला. उजव्याला लावला. तोच घुमारा, जुळ्यातला दुसरा भाऊ. पुन्हा डावा, पुन्हा उजवा, पुन्हा डावा. दैवशाला खुर्ची फिरवून बघत होती, तिच्या समोर डब्यातली भाकरी तशीच होती. डोळे मिटले की एरवी त्याला बरं वाटायचं, कारण डोळे मिटून ऐकायचं हे काम त्याला दुकानात लागल्यापासून नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून येत होतं. केदारखेड्याला त्यांच्या घरी मेंढरं होती, शंभराच्या वर. दिवसभर आया चरायला जायच्या आणि कोकरं जाळीच्या वाघरीत मागं राहायची. संध्याकाळी कळप परत आला की जो काही गलका उठायचा, विचारू नका! साठ कोकरं एकदम ओरडतायत, बाहेर साठ आया ओरडतायत, आणि वाघरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसानं एकेक कोकरू उचलून बरोबर त्याच्या आईपुढं सोडायचं. चुकीच्या आईपुढं सोडलं की ती डोकं मारून उलथं करते. गोरक्षनाथ दहाव्या-अकराव्या वर्षापासून हे करायचा, आणि तेही आयांकडं पाठ करून. कोकराचा आवाज कानात घ्यायचा आणि मागच्या गलक्यातून त्याच आवाजाची मोठी बहीण शोधायची. आई, आसराबाई, आल्या-गेल्याला बोलवून दाखवायची. "बघा बघा, मान वळवत न्हाई हा," म्हणायची. ते सगळं बारीक आवाजांचंच काम होतं. आता तो त्या कपाटामागं बसून तेच आठवायचा प्रयत्न करत होता, कोकरू नेमकं कसं ओरडतं ते, आणि त्याला वाघर दिसत होती, उघडी तोंडं दिसत होती, आवाज मात्र कुठल्या तरी जाड गळ्याच्या माणसाचे वाटत होते. त्याला भीती वाटली. पिशवीत नवा ट्रे एकच होता. सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. त्यानं डावा ओढला, कारण हात तिथंच होता.

ट्रे बाहेर आला आणि गोरक्षनाथ बघतच राहिला. पात्यांवर कापसाची तूस होती, ती तर जिनिंगमध्ये असणारच. पण तिच्यावर लाल थर होता. आधी गंज वाटला. बोट लावून बघितलं तर कुंकू! "हे काय हो ताई?" त्यानं विचारलं. दैवशाला जागची उठून आली. "पूजेचं असंल," ती म्हणाली. "हंगाम सुरू झाला तवा काटापूजन केल्तं न्हाई का. काट्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मंग म्हणलं काट्याचा आकडा तर ह्याच डब्यातून येतो, ह्याला कसं कोरडं ठेवायचं?" ती हे इतकं सरळ बोलली की त्यात चूक काढायला जागा नव्हती. राजूरच्या एका शेतकरी घरातली बाई, सहा वर्षांपासून या खुर्चीवर बसून काट्याची वजनं कॉम्प्युटरमध्ये चढवत होती, काटा थांबला तर बाहेर अर्धा मैल टेम्पो उभे राहतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? एवढ्यात सोमेश्वर साहेब आत आला. हा ऑफिसचा मुख्य. जेवून दात कोरत होता. "काय निघालं?" त्यानं विचारलं. आणि गोरक्षनाथानं बोट पुढं केलं, कुंकवाचं. "कुंकू निघालं साहेब. हे बेअरिंगात गेलं की फॅन रडणारच."

बोलताना त्याला पक्कं ठाऊक होतं की बेअरिंगला झाकण असतं आणि चिमूटभर कुंकू काही तिथवर जात नाही. पण वाक्य कसं छान बसलं! सोमेश्वर दैवशालाकडं वळला. "तुला कुणी सांगितलं होतं गं डब्याची पूजा करायला?" "तुम्हीच म्हणल्ता साहेब, समद्या मशिनीला लावा म्हणून. नारळ तुम्हीच फोडला." "मशिनीला म्हणल्तो. उद्या मोबाइलला लावशील!" बाहेरच्या दोघा-तिघांना हसू फुटलं. दैवशालानं आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं. गोरक्षनाथानं नवा ट्रे आत सरकवला, खट्‌ असा तो बसल्याचा धक्का हाताला लागला, हिरवा दिवा लागला. "थांबला का आवाज?" सोमेश्वरनं विचारलं, आणि नेमका भोंगा झाला, यंत्रं सुरू झाली, भिंती थरथरू लागल्या आणि कुणाला काही सांगता येण्याचा प्रश्नच मिटला. "थांबला," गोरक्षनाथ म्हणाला. दैवशाला त्याच्याकडं बघत होती. तिचे ओठ हलले, पण यंत्रांच्या घरघरीत ती काय म्हणाली ते त्याला कळलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही.

चतुर्थी होती, राजूरच्या गणपतीला चाललेली गर्दी रस्ता अडवून होती, त्यामुळं मोटारसायकल पायानं रेटत काढावी लागली. जीपवाल्यांचे हॉर्न, लाउडस्पीकरची आरती, नारळवाल्याची हाळी, सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं. मग काय येत नाही? येत नाही ते कसं मोजायचं? एखादा आवाज मध्येच थांबला तर माणूस मान वर करून बघतो. पण एकेक करून, वर्षा-वर्षानं, पाय न वाजवता निघून गेलेले आवाज कधी गेले हे कसं कळणार. त्यानं चिमण्या शेवटच्या कधी ऐकल्या? रातकिडे? जालन्यात रातकिडे नाहीत असं तो स्वतःशी धरून चालला होता. बायको मनीषा मध्यंतरी म्हणाली होती की गॅसची शेगडी सूं करून राह्यली, आणि तो म्हणाला होता, तुला भास होतात. तिनं दुसऱ्या दिवशी माणूस आणून नळी बदलून घेतली, त्याला सांगितलंही नाही. हे आठवलं तेव्हा तो राजूरच्या पुढं निघाला होता आणि वारा कानावर आदळत होता. आपण एक्केचाळीस वर्षांचे आहोत, त्याला वाटलं, आणि हे काही वय नाही. मग त्याला आपल्या वडिलांचं वय आठवलं, आणि तो विचार त्यानं तिथंच सोडला.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यानं काढून आणलेला डावा ट्रे साफ केला. ब्रशनं तूस काढली, कुंकू झटकलं. ते फरशीवर पडलं तेव्हा राधेश्याम शेठनं पाय मागं घेतला आणि सवयीनं कपाळाला हात लावला. मग गोरक्षनाथानं पात्याला बोटानं टिचकी मारली. पातं फिरलं, फिरत राहिलं, कुठं न अडखळता, आणि हळूच थांबलं. त्यानं पातं चिमटीत धरून हलवलं. हलेना. पुन्हा टिचकी. बोटांना कान नसतात पण बोटं खोटंही बोलत नाहीत, आणि बोटांनी सांगितलं की हा फॅन ठणठणीत आहे, अजून चार वर्षं फिरेल. कुंकू खाऊनही फिरेल. म्हणजे रडणारा उजवा होता, आणि तो तिथंच होता, या क्षणी रडत होता. "काय, गेला का पुरता?" शेठनं गल्ल्यावरून विचारलं. "पुरता," गोरक्षनाथ म्हणाला आणि ट्रे आपल्या पिशवीत सरकवला. दोन दिवसांत तीन-चार, त्यानं मनात म्हटलं, म्हणजे थापा. आणि एरवी मी थापा मारणारा माणूस नाही.

त्या संध्याकाळी त्याची मुलगी अंजू अभ्यासाला बसली होती, नववीतली. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, मोबाइलमध्ये म्हणे कान तपासायचं काहीतरी असतं, बघ बरं. त्यानं ते अशा आवाजात विचारलं की जणू दुकानाचं काम आहे. अंजूनं दोन मिनिटांत शोधून काढलं. पडद्यावर आकडे होते आणि एक गोल बटण. पहिला आवाज जाड आला, दुसरा जरा बारीक, तिसरा त्याहून बारीक. तो प्रत्येकाला मान हलवत गेला. चौथ्याला अंजूनं तोंड वाकडं केलं आणि एका कानावर हात ठेवला. त्यानं मान हलवली. पाचव्याला तिनं दोन्ही डोळे मिटले. त्यानं मान हलवली. मग ती मोबाइलकडं बघत बसली. तो वाट बघत होता, आणि आता फार वेळ गप्प राहिलं तर कसं दिसेल असं वाटून म्हणाला, "हां, येऊन राह्यला. बारीक हाय, पण येऊन राह्यला." अंजूनं वर पाहिलं. "पप्पा," ती म्हणाली, "मी बटण दाबलंच न्हाई अजून." स्वयंपाकघरात मनीषाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. कुणी हसलं नाही, आणि त्याला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं. अंजू पुस्तकात डोकं घालून बसली. मनीषा दारात येऊन उभी राहिली, हात पदराला पुसत. "आम्हाला माहीत हाय," ती म्हणाली, "दोन वर्षं झाली. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई." तो तिच्यावर खेकसला. कशाबद्दल खेकसला तेही आठवू नये असं काहीतरी, गॅसच्या नळीबद्दल की कशाबद्दल. मग न जेवता झोपला.

शुक्रवारी सकाळी फोन आला. शेठनं ऐकून घेतलं आणि गोरक्षनाथाला म्हणाला, "अरे, राजूर रोडच्या जिनिंगचा डबा अजून ओरडून राह्यला म्हणतात. तू तर बदलला ना फॅन?" "बदलला." "मंग?" गोरक्षनाथाच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. "कुंकू हो शेठ. दुसऱ्यातही गेलं असंल. त्या बाईनं पुडाच ओतलाय." शेठ हसला. "साहेब तेच म्हणून राह्यला. तिला उठवलं म्हणे त्यानं ऑफिसातून. यार्डात धाडलं, बायांची हजेरी मांडायला. चांगलं झालं, आपल्यावर आलं न्हाई. जल्दी जाऊन ये, दुसरा बदल, विषय संपव." शेठ हे बोलून लगेच दुसरा फोन घ्यायला वळला. गोरक्षनाथ पिशवी खांद्याला लावून उभा राहिला. दुसरा बदलणं सोपं होतं. साफ केलेला ट्रे पिशवीत होताच. उजवा काढायचा, हा घालायचा, आवाज बंद, कुंकू बदनाम, आणि दैवशाला यार्डात. कुणाला काही कळणार नव्हतं. त्यानं गाडीला किक मारली.

खरं तर याच जागी त्याला खंड्या आठवू नये असं फार वाटत होतं. खंड्या म्हणजे त्यांचा कुत्रा, पिवळा, तुटक्या कानाचा. गोरक्षनाथ तेव्हा बारावीला होता, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला. भर दुपारची वेळ, मेंढरं बाभळींखाली बसलेली, त्याचे वडील सांडू काठी मांडीवर घेऊन कोकरांच्या वाघरीकडं पाठ आणि कळपाकडं तोंड करून बसलेले. गोरक्षनाथ ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला होता, बैलाला पाणी दाखवत. आणि खंड्या भुंकत होता. इतका भुंकत होता की बैलानं पाण्यातून तोंड वर काढलं. ओढा चढून तो येईपर्यंत लांडग्यानं वडलांच्या पाठीमागं तीन कोकरं मारली होती, एक तोंडात धरून नेलेलं, दोन तिथंच फाडलेली. वडील पाठमोरे तसेच बसलेले होते, हातभर अंतरावर रक्त होतं, आणि त्यांनी वळून बघितलं ते गोरक्षनाथाची सावली पडली तेव्हा. "कुत्रं भुंकलंच न्हाई," ते म्हणाले. घरी गेल्यावरही म्हणाले, पंचायतीच्या पारावरही म्हणाले. "हरामखोर झालं, खाऊन खाऊन माजलं, भुंकलंच न्हाई." आसराबाई ऐकत होती, तिनं गोरक्षनाथाकडं एकदाच बघितलं. घर ओढ्यापासून लांब नव्हतं, तिनंही ऐकलं असणार. दोघंही गप्प बसले. दोन दिवसांनी वडलांनी खंड्याला टेम्पोत घातलं आणि भोकरदनच्या बाजारात सोडून आले. तो परत आला नाही. त्यानंतर वडील बारा वर्षं जगले, आणि कुणी काहीही म्हटलं की "बराबर, बराबर" एवढंच म्हणायचे. लोक म्हणायचे, सांडूबाबा म्हातारपणी किती समजूतदार झाला. गोरक्षनाथाला त्या समजूतदारपणाचा राग यायचा. आता मोटारसायकलवर बसून त्याला कळलं की तो राग वडलांवर नव्हता, त्या दिवशी पारावर आपण उघडलं नाही त्या तोंडावर होता. आणि या वेळेला तर हाकललेलं कुत्रं नव्हतं, माणूस होतं.

जिनिंगच्या फाटकातून आत शिरताना दैवशाला दिसली. कापसाच्या गंजीला टेकून उभी होती, नाकातोंडाला रुमाल बांधलेला, केसांत तूस, हातात हजेरीची वही. तिनं त्याला ओळखलं आणि वहीत बघू लागली. ऑफिसात तिच्या खुर्चीवर एक नवा माणूस बसला होता आणि एका बोटानं आकडे शोधत होता; काट्यावरचा टेम्पो खोळंबून हॉर्न मारत होता. एक वाजला. भोंगा झाला, यंत्रं थांबली. सोमेश्वर म्हणाला, "हे बघा, आता ऐका. सुरू झालं परत. डोकं उठवलंय ह्यानं." गोरक्षनाथानं पिशवी खाली ठेवली. "साहेब, दैवशालाताईंना बोलवा," तो म्हणाला. "ती कशाला?" "ऐकायला." "अन्‌ तुम्ही?"

"मला ऐकू येत न्हाई."

हे वाक्य त्यानं आधी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं, मनातसुद्धा पूर्ण म्हटलं नव्हतं, त्यामुळं ते बाहेर पडल्यावर त्याला ते कुणा दुसऱ्याचंच वाटलं. सोमेश्वर आधी हसला. मग त्यानं विचारलं म्हणजे काय, आणि गोरक्षनाथानं सगळं सांगितलं, एका दमात, थांबलो तर राहून जाईल या धास्तीनं. मंगळवारी आवाज आला नाही. अंदाजानं डावा काढला. तो चांगला निघाला. कुंकवाचा काही संबंध नाही, मी तुमच्यापुढं खोटं बोललो. नवा माणूस बोट आकड्यावर ठेवून ऐकत राहिला. सोमेश्वरनं फोन उचलला, राधेश्याम शेठला लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "तुमचा माणूस बहिरा हाय म्हणतो, शेठ." पलीकडून शेठचा आवाज चढला. "गोरख? अरे, काय बोलून राह्यला तू? मी गावभर तुझ्या कानाचं सांगत फिरतो, अन्‌ तू?" गोरक्षनाथ म्हणाला, "शेठ, खरं हाय." "इतके दिवस मला बनवलं?" "मला मंगळवारी कळलं." शेठनं एक शिवी दिली, ती मात्र स्पष्ट ऐकू आली. मग तो म्हणाला, "आजचं काम आटप. उद्यापासून केबलवर जा त्या लोकांबरोबर. फॅनला हात लावायचा न्हाई." फोन बंद झाला. केबलवर म्हणजे शिडीवर, एक्केचाळिसाव्या वर्षी, कालपर्यंत ज्यांना चहा आणायला सांगितला त्यांच्या हाताखाली. वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं, आणि ते लपवायला तो खाली वाकून पिशवीची चेन उघडू लागला.

दैवशाला दारात येऊन उभी होती, केव्हा आली ते त्याला कळलं नव्हतं. तिनं किती ऐकलं होतं तेही कळायला मार्ग नव्हता, पण तिनं तोंडाचा रुमाल सोडला होता. "मंग मंगळवारीच का न्हाई सांगितलं?" ती म्हणाली. "तीन दिवस मी तिथं खोकून राह्यले. घरी सासू म्हणती, कुंकवानं वाट लावली तुझी." "चूक झाली ताई," गोरक्षनाथ म्हणाला. ती नव्या माणसाजवळ गेली, तो उठला, आणि सोमेश्वरनं बस म्हणायच्या आधीच ती आपल्या खुर्चीवर बसली. सोमेश्वर खिडकीतून काट्याकडं बघू लागला. गोरक्षनाथानं पेचकस तिच्यापुढं धरला. मूठ कुठं लावायची, टोक कुठं टेकवायचं, ते सांगितलं. ती कपाटामागं वाकली, डावा ऐकला, उजवा ऐकला आणि उजव्याला झटकन मान मागं घेतली. "हा. देवा, हा कसला ओरडतो!" तिनं पेचकस परत दिला.

त्यानं उजवा ट्रे ओढला. पात्यांवर तूस होती, काळपट चिकट मळ होता, कुंकवाचा ठिपकाही नव्हता. त्यानं तो सोमेश्वरच्या टेबलावर ठेवला आणि पातं बोटानं हलवून दाखवलं. ते अडखळत, खडखडत फिरलं आणि अर्ध्यात थांबलं. "ह्याला कुणी काही वाहिलं न्हाई साहेब. हा झिजला. आमच्याकडूनच जुना आल्ता." सोमेश्वर म्हणाला, "बरं, बरं, आता जल्दी करा, डबा तापंल." पिशवीतला साफ केलेला ट्रे त्यानं आत सरकवला. धक्का हाताला लागला. दिवा हिरवा झाला. त्याला जो घुमारा आधी ऐकू येत होता तोच आता ऐकू येत होता. त्याच्यापुरतं ऑफिसात काहीही बदललेलं नव्हतं. त्यानं मान वर करून दैवशालाच्या तोंडाकडं बघितलं. तिची आठी गेली होती, खांदे खाली आले होते, आणि ती खिडकीकडं तोंड करून काहीतरी म्हणाली. "काय म्हणल्या?" त्यानं विचारलं.

दैवशाला खुर्ची फिरवून त्याच्या समोर आली. आता तिच्या बोलण्यात राग नव्हता. "बंद! झाला! आवाज!" ती म्हणाली, एकेक शब्द सुटा करून, त्याच्या तोंडापाशी तोंड नेऊन, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तितक्या मोठ्यानं. नवा माणूस बघायला लागला, दारातून जाणारे दोघं थांबले. एवढं ओरडू नका, एवढं मला येतं, असं त्याला सांगायचं होतं. "बरं ताई," तो म्हणाला. सगळे एकदम त्याच्याकडं बघू लागले, आणि आपणही फार मोठ्यानं बोललो की काय, हे त्याला कळलं नाही.